गुडघ्याच्या टेंडनचं ऑपरेशन झाल्यानंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघ्याचं तुटलेलं टेंडन जोडायचं ऑपरेशन एक-दोन तासांत उरकतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते बरंचसं तुमच्याच हातात असतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: सर्जनने डिस्चार्जच्या वेळी जो सूचनांचा कागद दिला आहे, तो अंतिम. टेंडन कुठे तुटलं, टाके कसे बसले, त्यांच्यावर किती ताण आहे, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. इथे दिलेले आठवडे आणि गुडघा किती वाकवायचा याचे अंश त्या कागदाशी जुळले नाहीत, तर कागद पाळा.

माझं नेमकं काय तुटलं होतं? टेंडन आणि लिगामेंट एकच का?

नाही. लिगामेंट हाडाला हाडाशी बांधतं, टेंडन स्नायूला हाडाशी. मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स हा चार भागांचा दणकट स्नायू असतो. हे चारही भाग खाली एकत्र येऊन क्वाड्रिसेप्स टेंडन तयार होतं आणि ते गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेला चिकटतं. वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडावरच्या उंचवट्यापर्यंत जातं, ते पटेलर टेंडन. स्नायू, वरचं टेंडन, वाटी, खालचं टेंडन अशी ही एकच साखळी आहे. तिची कुठलीही कडी तुटली की गुडघा सरळ करण्याची ताकद जाते. म्हणूनच पडल्यावर तुम्हाला पाय ताठ ठेवून उचलता येत नव्हता आणि वाटीच्या वर किंवा खाली बोट आत जाईल असा खड्डा लागत होता.

नुसता पाय घसरला आणि टेंडन तुटलं. असं होतं?

हो, बहुतेकदा असंच होतं. पायरी चुकते, पाय जमिनीवर घट्ट टेकलेला असतो, गुडघा अर्धवट वाकलेला असतो आणि पडू नये म्हणून मांडीचा स्नायू सगळी ताकद लावतो. स्नायू आखडायला बघतो आणि शरीराचं वजन त्याला ताणतं. त्या एका क्षणी टेंडनवर वजनाच्या कित्येक पट ओढ येते. मार्च १९९७ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांचा एका घराच्या पायऱ्यांवर पाय अडखळला आणि उजव्या गुडघ्यावरचं टेंडन फाटलं. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत हेलसिंकीच्या शिखर परिषदेला ते व्हीलचेअरवरून गेले. तेव्हा ते ५० वर्षांचे होते.

वरचं टेंडन साधारण चाळिशीनंतर तुटतं, खालचं चाळिशीच्या आत आणि उड्या मारणाऱ्या खेळाडूंमध्ये जास्त. मधुमेह, किडनीचा जुना आजार, पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार, गाउट, संधिवात, ल्युपस आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड यांनी टेंडन आधीच कमकुवत झालेलं असू शकतं. दोन्ही गुडघ्यांची टेंडन एकदम तुटली असतील किंवा काहीच विशेष न घडता तुटलं असेल, तर या आजारांच्या तपासण्या करून घ्याच.

एक औषध लक्षात ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकमुळे टेंडनला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या गटावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. पुढे कधीही, अगदी सर्दी-खोकल्यासाठी किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी, डॉक्टरांकडे गेलात तर ‘माझं टेंडन तुटलं होतं’ हे आठवणीने सांगा.

ऑपरेशनमध्ये काय केलं?

टेंडनच्या तुटक्या टोकात न विरघळणाऱ्या जाड धाग्याचे टाके गुंफले जातात. मग वाटीच्या हाडात बारीक बोगदे पाडून त्यातून धागे ओढून बांधतात, किंवा हाडात छोटे अँकर बसवून त्यांना धागे अडकवतात. पटेलर टेंडनच्या बाबतीत टाक्यांवरचा ताण कमी व्हावा म्हणून कधीकधी वाटी आणि नडगीच्या हाडाभोवती तार किंवा मजबूत पट्टी घालतात. तार घातली असेल तर ती पुढे काढावी लागू शकते. तुमच्यात घातली आहे का, हे विचारून ठेवा.

पूर्ण बरं व्हायला किती वेळ लागतो?

ब्रेस (गुडघा सरळ धरून ठेवणारा बिजागरीचा आधार) निघून घरात नीट चालायला साधारण दीड ते तीन महिने. जिना, बाजार, ऑफिस असं रोजचं आयुष्य बऱ्यापैकी रुळावर यायला तीन ते सहा महिने. जोरात पळणं आणि खेळणं सहा ते नऊ महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. मांडीची ताकद भरून यायला वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त.

पण या प्रश्नाच्या उत्तरात आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे, आणि सगळ्या पानातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर ती राहावी: दुखणं आणि टेंडनची ताकद यांचा वेग सारखा नसतो. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते सावकाश भरतं. पहिले काही दिवस जखमेची सूज असते. मग काही आठवडे नवीन कोलॅजन, म्हणजे टेंडन ज्याचं बनतं ते प्रथिन, भरभर तयार होतं, पण ते विस्कळीत आणि कच्चं असतं. ते पक्क्या, एका दिशेने रचलेल्या तंतूंत बदलायला कित्येक महिने जातात. तोवर सगळा भार धाग्यांवर असतो. दुखणं मात्र सहाव्या-आठव्या आठवड्यापर्यंत बरंच ओसरतं. ब्रेस सैल होते, माणसाला बरं वाटू लागतं आणि ‘आता काय, झालंच की’ म्हणून तो घाईने उठतो, स्टुलावर चढतो, बसमागे धावतो. सहावा ते बारावा आठवडा म्हणूनच मला सगळ्यात जपायचा वाटतो. दुखत नाही याचा अर्थ टेंडन पक्कं झालं असा घेऊ नका.

एसीएलचं ऑपरेशन झालेले लोक लगेच गुडघा वाकवतात. मला का नाही?

एसीएलच्या ऑपरेशनमध्ये गुडघ्याच्या आतलं लिगामेंट नव्याने बसवतात. गुडघा वाकवल्याने तिथल्या जोडावर थेट ओढ बसत नाही. तुमच्या बाबतीत जोड गुडघ्याच्या पुढच्या बाजूलाच आहे. गुडघा जितका वाकेल तितका तो ताणला जातो. इंटरनेटवरचे ‘गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम’ बहुतांशी एसीएलसाठी किंवा सांधा बदललेल्यांसाठी असतात. ते पाहून करू नका.

ब्रेस किती दिवस? झोपतानासुद्धा?

साधारण सहा आठवडे, आणि हो, झोपतानाही. काही सर्जन सुरुवातीला प्लास्टर घालतात. ब्रेस पूर्ण सरळ स्थितीत लॉक केलेली असते. चालताना लॉक, झोपताना लॉक. व्यायामापुरती किती अंश उघडायची हे तुम्हाला सांगितलं जाईल. ब्रेस घसरून पोटरीवर आली तर बिजागरी गुडघ्याच्या रेषेत राहत नाही आणि तिचा उपयोग संपतो. दिवसातून दोन-तीनदा ती वर ओढून पट्टे पुन्हा बांधा. पट्ट्यांखाली कातडी लाल होते का, टाचेला फोड येतो का, तेही बघा. मधुमेह असेल तर नक्कीच.

मला सगळ्यात काळजी वाटते ती रात्रीची. झोपेत उठायचं, बाथरूम चार पावलांवर आहे, ब्रेस टोचते म्हणून काढून ठेवलेली, आणि माणूस अंधारात तसाच निघतो. पाय दगा देतो, गुडघा झटक्यात वाकतो आणि जोड सुटतो. दिवा हाताशी ठेवा, वॉकर पलंगाला टेकवून ठेवा, ब्रेस अंगावरच राहू द्या.

पायावर वजन टाकता येतं का?

बहुतेकांना येतं. गुडघा सरळ लॉक असताना पायावर वजन दिलं तर जोडावर फारशी ओढ येत नाही. म्हणून कुबड्या किंवा वॉकर घेऊन, सोसेल तितकं वजन देत चालायला बरेच सर्जन पहिल्या आठवड्यांतच परवानगी देतात. टाके ताणून बसवावे लागले असतील किंवा टेंडन फारच खराब असेल, तर थांबायला सांगतात. तुमचं कुठल्या गटात आहे ते विचारा, अंदाज बांधू नका.

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. एका हाताने कठडा धरा. खुर्चीवर बसताना आणि उठताना ऑपरेशनचा पाय पुढे सरकवून ठेवा आणि हातांवर व चांगल्या पायावर जोर द्या. खुर्ची उंच आणि हातांची घ्या. खोल सोफा टाळा. कमोडवर उंच सीट आणि बाजूला धरायला दांडा असेल तर सुरुवातीचे आठवडे फार सुसह्य होतात. घरातली सतरंजी, पायपुसणी, जमिनीवरून गेलेल्या वायरी आजच उचला.

मांडीचा स्नायू आवळायला सांगतात, पण तो हलतच नाही. नस तुटली का?

हा प्रश्न विचारताना लोकांचे डोळे पाणावतात, म्हणून सविस्तर सांगते. नस तुटलेली नसते. गुडघ्यात सूज असली, पाणी किंवा रक्त साचलं असलं, की मज्जारज्जू मांडीच्या स्नायूकडे जाणारा हुकूमच कमी करतो. सांध्याला वाचवण्याची ती शरीराची पद्धत आहे. तुम्ही मनापासून जोर लावता आणि मांडी थंड पडून राहते. त्यात इच्छाशक्ती कमी असण्याचा काही संबंध नाही. या काळात मांडी झपाट्याने बारीकही होते. पँटच्या दोन पायांत फरक दिसू लागतो आणि माणूस घाबरतो.

स्नायूला जागं करायचा पहिला व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघा पूर्ण सरळ. टाचेखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा. दोन बोटं वाटीच्या थोडं वर, आतल्या बाजूला, मांडीवर ठेवा. आता गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायचा प्रयत्न करा आणि वाटीकडे बघत राहा. जमलं तर वाटी किंचित कमरेच्या दिशेने सरकते आणि बोटांखालचं मांस कडक होतं. पाच सेकंद धरा, पूर्ण सोडा. सुरुवातीला नुसती थरथर जाणवेल, तीही मोजा. जमतच नसेल तर आधी चांगल्या मांडीवर करून बघा, मग दोन्ही एकदम आवळा. दुसरा पाय जागा असला की याला आठवण होते. रोज थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. एकदाच बसून शंभर वेळा करण्यापेक्षा हे चांगलं.

हा व्यायाम कधी सुरू करायचा आणि किती जोराने, हे सर्जनकडून कळू द्या. काही जण पहिल्याच आठवड्यात हलका जोर लावू देतात, काही थोडं थांबवतात. स्नायू फारच सुस्त असेल तर विजेच्या सौम्य झटक्यांनी त्याला चालना देणारं मशीन वापरतात. ते फिजिओच्या देखरेखीत करायचं.

पाय सरळ ठेवून हवेत उचलणं ही पुढची पायरी आहे, आणि तिच्यासाठी परवानगी लागते. उचलताना गुडघा थोडा वाकलेलाच राहिला, म्हणजे टाच आणि मांडी एका रेषेत आली नाही, तर स्नायूला अजून शेवटच्या काही अंशांची ताकद नाही. ती येईपर्यंत ब्रेस सोडायची घाई नको.

गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं. ठेवू का?

नको. उशी ठेवल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहतो आणि काही आठवड्यांत त्याच स्थितीत आखडतो. न वाकणारा गुडघा त्रासदायक, पण पूर्ण सरळ न होणारा गुडघा जास्त त्रासदायक, कारण तो घेऊन प्रत्येक पाऊल लंगडत टाकावं लागतं आणि मांडी सतत थकते. उशी हवी तर टाचेखाली किंवा अख्ख्या पोटरीखाली, गुडघा सरळ राहील अशी.

गुडघा वाकवायला कधी सुरुवात? किती अंश?

पूर्वी सहा आठवडे पाय सरळच ठेवत. आता अनेक सर्जन साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर थोडं वाकवायला देतात. हालचालीमुळे आखडणं कमी होतं आणि हलक्या, नियंत्रित ओढीमुळे नवीन तंतू योग्य दिशेने रचले जातात. नेहमीचा क्रम असा असतो: आधी ३० अंशांपर्यंत, मग दर आठवड्याला थोडं वाढवत सहाव्या आठवड्याच्या सुमारास ९० अंश, आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास जवळपास पूर्ण. दोन्ही टेंडनसाठी आणि प्रत्येक ऑपरेशनसाठी हे वेळापत्रक थोडं वेगळं असतं.

पद्धत महत्त्वाची. पालथं झोपून किंवा पलंगाच्या कडेला बसून, मागच्या स्नायूंनी टाच आपल्याकडे ओढत गुडघा वाकवायचा. सरळ करताना मांडीने जोर न लावता चांगल्या पायाने, हाताने किंवा पट्ट्याने तो उचलून वर आणायचा. ठरलेल्या अंशांपलीकडे एक अंशही नाही. कुणी घोट्याला धरून जबरदस्तीने गुडघा वाकवत असेल तर थांबवा, मग ते घरचं माणूस असो की थेरपिस्ट. खुर्चीत बसून पाय हवेत सरळ करणं सहा ते आठ आठवड्यांआधी नको, आणि पायाला वजन बांधून तर साधारण तीन महिन्यांच्या आत नाहीच.

हे अंश कशासाठी लागतात? सपाटीवर चालायला गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकतो. जिन्याला ८५ ते १०० अंश, खुर्चीतून सहज उठायला ९० ते १०० च्या आसपास, सायकल मारायला ११० च्या जवळपास लागतात. उकिडवं बसायला किंवा मांडी घालायला त्याहून बरंच जास्त, आणि ते सगळ्यात शेवटी येतं. सहाव्या आठवड्याला ९० अंश झाले नाहीत म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. पण तीन महिने झाले आणि ९० च्या आतच अडकला असेल, तर सर्जनला लगेच दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करायची वेळ क्वचित येते, आणि ती लवकर ठरवलेली बरी.

सूज किती दिवस राहते?

अनेक आठवडे. संध्याकाळी वाढते, रात्री पाय उंच ठेवून झोपलं की उतरते. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. व्यायामानंतर थोडी सूज आली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरली, तर व्यायामाचं प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही गुडघा फुगलेला आणि गरम असेल, तर काल जास्त झालं. आज निम्मं करा. हा सोपा नियम मला कुठल्याही ठरीव वेळापत्रकापेक्षा भरवशाचा वाटतो.

अंघोळ कधी करू? टाके कधी निघतात?

कातडीचे टाके किंवा पिना साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवा. अंघोळ करताना बसायला पक्का स्टूल घ्या. नंतरही जखम पूर्ण भरेपर्यंत टबात किंवा पोहायच्या तलावात उतरू नका.

टाक्यांच्या बाजूची कातडी बधिर आहे.

छेद घेताना कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात, विशेषतः वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला. बधिरपणा हळूहळू आकसत जातो, थोडा भाग कायम राहू शकतो. ताकदीशी त्याचा संबंध नाही. गुडघे टेकायला मात्र बरेच महिने नकोसं वाटतं.

कोणत्या लक्षणांवर ताबडतोब दवाखाना गाठायचा?

पोटरी दुखणं, सुजणं, गरम लागणं: पायातल्या शिरेत गाठ झाली असू शकते. अचानक दम लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त: ती गाठ फुप्फुसात गेली असू शकते. अशा वेळी क्षणाचाही विलंब नको, इमर्जन्सी गाठा. रक्त पातळ ठेवायची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर एकही डोस चुकवू नका, आणि दिवसभर तासातासाला घोटे वर-खाली हलवत राहा.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारा लालपणा हेही त्याच दिवशी दाखवायचं. आणि पाय घसरून किंवा वाकून ‘खट्’ झालं, नवा खड्डा लागतोय, काल उचलला जाणारा पाय आज उचलला जात नाही, तर दोन दिवस वाट बघू नका. ब्रेस सरळ लॉक करा, पायावर वजन टाकू नका आणि सर्जनला फोन करा.

पुन्हा तुटण्याची भीती किती खरी आहे?

नीट जोडलेलं आणि जपलेलं टेंडन पुन्हा तुटणं कमी वेळा घडतं. तुटतं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत, पडल्यामुळे किंवा घाईमुळे. ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डो याचं उदाहरण मी तरुण पेशंटना नेहमी सांगते. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटर मिलानकडून खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्याचं पटेलर टेंडन अंशतः फाटलं. ऑपरेशन झालं, आणि साधारण पाच महिन्यांनी, १२ एप्रिल २००० रोजी तो लाझिओविरुद्ध मैदानात उतरला. काही मिनिटांतच, कुणाचा धक्का न लागता, तेच टेंडन पूर्ण तुटलं. पुढची वाट फार लांबची होती. पण २००२ च्या विश्वचषकात त्याने ८ गोल केले, अंतिम सामन्यातले दोन्ही त्याचेच. दुसऱ्यांदा तुटलेलं टेंडनही इतकं सावरू शकतं, ही त्यातली दिलासा देणारी बाजू.

माझं ऑपरेशन उशिरा झालं. माझं वेळापत्रक वेगळं असेल का?

असेल. तुटल्यावर दोन-तीन आठवड्यांत जोडलं तर टोकं सहज एकत्र येतात. त्यानंतर स्नायू वर आखडतो, मधलं अंतर वाढतं आणि टेंडन लांबवावं लागतं किंवा मांडीच्या मागच्या बाजूचं टेंडन काढून तिथे लावावं लागतं. सुरुवातीला ‘नुसती मुरगळ आहे’ असं समजून अनेकांचे आठवडे वाया जातात, त्यात तुमचा दोष नाही. ब्रेस जास्त दिवस राहील, वाकवणं सावकाश होईल. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटशी तुलना करू नका.

गाडी कधी चालवू? कामावर कधी जाऊ?

ब्रेस लॉक असताना गाडी नाही. उजवा पाय असेल तर ब्रेस निघून, गुडघा नीट वाकून, अचानक जोरात ब्रेक दाबता येईल इतकी ताकद आल्यावरच, म्हणजे बहुधा दोन-तीन महिन्यांनी. डावा पाय आणि क्लच नसलेली गाडी असेल तर थोडं लवकर. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर अजिबात नाही. दुचाकीला जास्त वेळ द्या: गाडी कलली की तो पाय झटकन टेकावा लागतो.

बैठं काम दोन ते सहा आठवड्यांत जमतं, पाय समोर स्टुलावर ठेवायची सोय असेल तर. दिवसभर उभं राहण्याच्या कामाला जवळपास तीन महिने. ओझी उचलणं, शिडी, बांधकाम, शेती यांना चार ते सहा महिने किंवा जास्त. कामावर जायची तारीख सर्जनकडून लेखी घ्या.

खाण्यापिण्याचं काही पथ्य?

पथ्य नाही, पोटभर प्रथिनं हवीत. झिजलेली मांडी रिकाम्या पोटी भरत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. जखम आणि टेंडन दोन्हीचं भरणं त्यावर अवलंबून आहे. सिगारेट आणि तंबाखू बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी कमी होतो. ‘दुखतंय म्हणून एक स्टेरॉइडचं इंजेक्शन मारू’ असं कुणी म्हटलं, तर आधी सर्जनला विचारा. टेंडनमध्ये ते देत नाहीत.

पळायला कधी सुरुवात करू?

महिना मोजून नाही, परीक्षा देऊन. गुडघ्यात सूज नाही, पूर्ण सरळ होतो, जिना एकाआड एक पाय टाकत कठडा न धरता उतरता येतो, आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ८० टक्के आहे: एवढं जमल्यावर हलकं जॉगिंग. हे बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर. उड्या आणि झटकन दिशा बदलणारे खेळ त्यानंतर, ताकद ९० टक्क्यांच्या वर गेल्यावर. ताकद मशीनवर मोजता येते. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर कुणी खेळायला परवानगी देत असेल, तर मोजायचा आग्रह धरा. जिना उतरणं हे चढण्यापेक्षा कठीण असतं आणि उशिरा जमतं. त्याने खचू नका.

घरात बसून मन फार उदास होतं.

होणारच. काल धावपळ करणारं माणूस आज पाणी आणायलाही दुसऱ्याला हाक मारतं. झोप नीट लागत नाही, मांडी बारीक होताना दिसते, प्रगती डोळ्यांना दिसत नाही. एका वहीत रोजचे अंश आणि किती वेळा मांडी आवळली ते लिहा. पंधरा दिवसांपूर्वीचं पान उघडलं की फरक दिसतो. घरच्यांना माझं सांगणं: ‘अजून लंगडतोस?’ असं विचारू नका, व्यायामाच्या वेळी शेजारी बसा. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, भूक गेली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच दुखणं आहे.

पाय पहिल्यासारखा होईल का?

बहुतेक लोक आपल्या रोजच्या आयुष्यात परततात. वाकण्यातले शेवटचे काही अंश कमी राहणं, मांडी किंचित बारीक दिसणं, थंडीत किंवा खूप चाललं की वाटीभोवती ओढल्यासारखं वाटणं, हे अनेकांचं राहतं. वेळेवर ऑपरेशन झालेल्यांचा निकाल जास्त चांगला लागतो. वर्षानंतरही मांडीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा. दुसऱ्या पायाचेही करा, कारण ज्या आजारामुळे हे टेंडन कमकुवत झालं, त्याने तेही झालेलं असू शकतं.

पुढच्या तपासणीला जाताना काय विचारू?

लिहून न्या, दवाखान्यात विसरायला होतं. टाके ताणून बसवावे लागले का? टेंडन जोडताना गुडघा किती अंशांपर्यंत सुरक्षित वाकत होता? तार किंवा पट्टी घातली आहे का, आणि ती काढायची आहे का? या आठवड्यापासून ब्रेस किती अंशांवर उघडायची? मांडी किती जोराने आवळू? पाय सरळ उचलायला कधी सुरुवात करू? रक्त पातळ ठेवायची गोळी किती दिवस? आणि फिजिओसाठी एक चिठ्ठी मागा. सर्जनच्या हातचे हे दोन-तीन आकडे आमच्यापर्यंत पोहोचले, की पुढचे आठवडे आम्हाला अंदाजाने चालवावे लागत नाहीत.